पुली बदलली म्हणाले, बदलला होता फक्त रंग

लिहायला जरा लाजच वाटते, कारण आमच्या अण्णांचं कोल्हापूरला उद्यमनगरात लेथचं वर्कशॉप, लहानपण सगळं पुल्या आणि बुशिंगांच्या ढिगात गेलं आणि मी फसलो तो नेमका पुलीवरच. पण इकडे यूकेत आपली बरीच पोरं स्वस्तात जुनी मिनी कूपर एस घेतायत आणि सहा महिन्यांत सगळ्यांना गाडीची ताकद वाढवायचा तोच किडा चावतो, म्हणून सांगतो.

माझी गाडी २००५ ची, आर५३ म्हणतात ती. १.६ लिटरचं इंजिन, त्यावर ईटनचा एम४५ सुपरचार्जर (इंजिनात जादा हवा कोंबणारा पंप), कंपनीचा आकडा १७० एचपी. टर्बो एक्झॉस्टच्या गॅसवर फिरतो, सुपरचार्जर मात्र थेट क्रँकवरून, म्हणजे इंजिनच्या मुख्य दांड्यावरून, पट्ट्याने फिरतो. म्हणजे सुपरचार्जरवरची पुली लहान केली की तो जास्त जोरात फिरणार, जास्त हवा कोंबणार, बूस्ट म्हणजे हवेचा जादा दाब वाढणार, एवढं साधं गणित. बाजारात १५ टक्के, १७ टक्के, १९ टक्के लहान अशा पुल्या मिळतात. बहुतेक जण १५ वर थांबतात आणि तेच शहाणपणाचं, कारण व्यास १५ टक्के कमी केला की वेग १५ नाही, जवळजवळ १७.६ टक्के वाढतो, आणि त्याच्या पुढे बूस्टपेक्षा हवा तापवायचंच काम जास्त होतं.

हे घरी करता येत नाही असं नाही पण मूळ पुली शाफ्टवर प्रेस फिट, म्हणजे दाबून घट्ट बसवलेली असते, तिच्यासाठी वेगळा पुलर लागतो, जागा एवढीशी, आणि शाफ्टला धक्का बसला तर आतला सील गेला. म्हणून मी तासाभराच्या अंतरावरचं एक ट्यूनिंगचं दुकान गाठलं. नाव लिहीत नाही. पुली, लहान पट्टा, एक नंबर थंड (उष्णता लवकर बाहेर टाकणारे) स्पार्क प्लग, रिमॅप (इंजिनच्या कॉम्प्युटरची सेटिंग बदलणं) आणि आधी-नंतरचा डायनो (ताकद मोजायचं मशीन), सगळं मिळून ५२० पाउंड. मालक बोलायला एकदम गोड, चहा काय पाजला, माझ्या गाडीचं कौतुक काय केलं, आणि शेवटी म्हणाला कार्डचं मशीन आज चालत नाहीये, बँकेतून ट्रान्सफर केलंस तर ४८० मध्ये देतो. आपण चाळीस पाउंड वाचले म्हणून खूश.

संध्याकाळी गाडी घ्यायला गेलो तर बॉनेट उघडून वरनं टॉर्च मारून दाखवलं, आत खाली लालभडक पुली चमकत होती. हातात डायनोचा कागद, आधी १४९, आता १७४. पंचवीस घोडे वाढले! येताना मोटरवेवर गाडी अशी काय पळाली म्हणून सांगू, सुपरचार्जरची शिट्टीसुद्धा मोठी झालीय असं मला खरोखर ऐकू येत होतं. माणसाने पैसे दिले की कान पण त्याच बाजूने बोलतात बहुतेक.

दुसऱ्याच दिवशी प्रामाणिकपणे इन्शुरन्सवाल्याला फोन करून पुली आणि रिमॅप दोन्ही कळवलं, कारण इथे मॉडिफिकेशन लपवलं आणि अपघात झाला तर क्लेम गेला समजा. त्यांनी हप्ता ९६ पाउंडांनी वाढवला, वर फी वेगळी.

मग रविवारी अण्णांना व्हिडिओ कॉलवर कौतुकाने इंजिन दाखवत होतो. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, "पुली ल्हान केली म्हणतोस, मग पट्टा किती कमी घातला?" म्हटलं नवीन घातलाय की, बिलात आहे. "आरं पण त्यो तर जुना दिसतोय. त्यावर पिवळं काय लिवलंय?"

खलास. गाडीच्या आधीच्या मालकाने पट्टा बदलला तेव्हा त्यावर पिवळ्या मार्करने तारीख टाकलेली होती, गाडी घेताना काढलेल्या फोटोत ती दिसतेय, आणि तीच तारीख आता स्क्रीनवर अण्णांना दिसत होती. गिरणीच्या मोटारीची पुली बदलली तरी पट्टा बदलावा लागतो, हे आमच्या गल्लीतल्या शेंबड्या पोराला माहीत असतं. हिशोब केला तर व्यास १० मिलिमीटरने कमी झाला की पट्टा सुमारे १५ मिलिमीटर लांब पडतो. पट्टा ताणून धरणारा टेन्शनर थोडी ढील खातो, पण म्हणून बिलात लावलेला पट्टा घालायचाच नाही?

उजवीकडचं पुढचं चाक काढलं, आतलं प्लॅस्टिक काढलं, पुलीचा व्यास मोजायला व्हर्नियर लावला. ६५ मिलिमीटर. १५ टक्के लहान असती तर ५५ च्या आसपास भरायला पाहिजे होती. नखाने खरवडलं तर लाल रंग पापुद्र्यासारखा निघाला आणि खाली तीच जुनी करडी पुली. पुलर लावलेलाच नव्हता, स्प्रे मारला होता! प्लग काढून बघितले, एनजीके कंपनीच्या नंबरात मधला आकडा ६ च होता. एनजीकेत आकडा वाढला की प्लग थंड, म्हणजे ७ पाहिजे होता. गाडीच्या कॉम्प्युटरला जोडायचं ओबीडीचं दहा-बारा पाउंडाचं डोंगल लावून फुल थ्रॉटलला मॅनिफोल्डचं, म्हणजे इंजिनात जाणाऱ्या हवेचं, प्रेशर बघितलं तर १८० केपीएच्या वर काटा जाईना. त्यातनं बाहेरच्या हवेचे १०० वजा करा, राहिले ८० केपीए, म्हणजे ०.८ बार बूस्ट, कंपनीतनं आली तशीच.

मग डायनोवर १७४ कसे आले? हे कळायला मला दोन रात्री लागल्या आणि कागदावरच लिहिलेलं होतं. कोपऱ्यात बारीक अक्षरात हवेचं तापमान असतं, पहिल्या रनला १९ डिग्री आणि दुसऱ्याला ५७. डायनोचं सॉफ्टवेअर गरम हवेत इंजिनची ताकद कमी पडते म्हणून आकड्यात भर घालून देतं, तेव्हा तो तापमानाचा प्रोब इंजिनच्या उष्णतेत धरला की सहा-साडेसहा टक्के फुकट मिळतात. उरलेलं पहिल्या रनमध्ये पाडलं असणार. या गाडीचा इंटरकूलर (दाबलेली हवा थंड करणारा) इंजिनच्या डोक्यावरच बसलाय, बॉनेट बंद ठेवून लागोपाठ तीन-चार रन मारले की तो भट्टी होतो आणि आकडा आपोआप पडतो, नंतर गाडी थंड करून पंखा लावून एकच रन. त्यामुळे दोन्ही ग्राफवर तापमान किती ते बघा आणि शक्यतो स्वतः समोर उभे राहा, मला तर "आत यायला परवानगी नाही, सेफ्टी" म्हणून सांगितलं होतं.

आणि जुनी पुली परत मागायचीच! काढलेला पार्ट हातात घेतल्याशिवाय पैसे देऊ नका, मी विचारलंसुद्धा नाही.

दुकानात गेलो तर गोड मालक गायब, दुसराच माणूस म्हणाला तूच पुली परत बदलून आला असशील. पट्ट्यावरच्या तारखेचा फोटो दाखवला तेव्हा गप्प झाला. क्रेडिट कार्डने दिले असते तर १९७४ च्या कन्झ्युमर क्रेडिट ॲक्टच्या सेक्शन ७५ खाली थेट बँकेकडे मागता आले असते, १०० पाउंडांच्या वरच्या खरेदीला ते लागू आहे. ट्रान्सफरला ते नाही, म्हणजे ते "मशीन चालत नाही" का होतं ते समजलं असेल. शेवटी कोर्टात जाण्याआधीची रीतसर नोटीस पाठवली, १४ दिवसांची मुदत देऊन, फोटो, व्हर्नियरचा आकडा, दोन्ही ग्राफ सगळं जोडून. बाराव्या दिवशी ३०० पाउंड आले, "गुडविल" म्हणून. उरलेल्या १८० साठी कोर्टात स्मॉल क्लेम (छोट्या रकमेचा दावा) टाकायचा की नाही अजून ठरत नाहीये, बायको म्हणते टाकच.

अण्णा म्हणतात पुलीचं ड्रॉइंग पाठव, मी लेथवर फिरवून देतो. त्यांना सांगितलंय, थांबा जरा.

कारण इन्शुरन्सचं प्रकरण अजून मिटलेलं नाही. फोन करून म्हटलं की पुली बसवलेलीच नव्हती, वाढवलेले ९६ परत द्या. पोरगी बिचारी सगळं शांतपणे ऐकून घेऊन म्हणाली, हरकत नाही सर, फक्त मॉडिफिकेशन काढून टाकल्याचं गॅरेजचं बिल पाठवा.