रेडी रेकनर, इंडेक्स टू की मालमत्ता कराचं बिल: फ्लॅट घेण्याआधी काय बघाल?

जुना फ्लॅट बघायला निघालेले बहुतेक जण आधी रेडी रेकनर, म्हणजे जमीन-घरांच्या सरकारी दरांचा तक्ता, उघडतात. फुकट आहे, जिल्हा-तालुका-गाव निवडलं की दर समोर. पण हा दर नोंदणी व मुद्रांक विभाग ठरवतो आणि तो अख्ख्या परिसराला लागू असतो. मजला आणि इमारतीचं वय यांनुसार आकडा हलतो. फ्लॅट बागेकडे आहे की नाल्याकडे, याच्याशी त्याला घेणं-देणं नाही. मुद्रांक शुल्क निदान किती बसेल, हे मात्र त्यावरून कळतं. करारातली किंमत आणि रेडी रेकनरची किंमत, यांतली जी जास्त, तिच्यावर शुल्क.

भाव ठरवायचा तर माझं मत इंडेक्स टूला, म्हणजे सूची क्रमांक २ ला. नोंदणी झालेल्या व्यवहाराचा हा सरकारी गोषवारा. त्याच इमारतीतला दुसरा फ्लॅट कधी, केवढ्याला गेला, क्षेत्रफळ किती, घेणारा-देणारा कोण, सगळं एका पानावर. 'मोबदला' आणि 'बाजारभाव' असे दोन आकडे दिसतील. मोबदला म्हणजे करारातली रक्कम. बाजारभाव हा पुन्हा रेडी रेकनरचाच, त्याला नाव तेवढं भारदस्त. नोंदणी विभागाच्या ई-सर्चवर वर्ष, गाव आणि सर्व्हे नंबर किंवा सीटीएस (सिटी सर्व्हे) नंबर टाकून शोधता येतं. सर्व्हे नंबर हाताशी नसेल तर कंटाळवाणं काम आहे, तरी चार-पाच व्यवहार काढाच. चौरस फुटाचा दर काढताना कार्पेट (भिंतींच्या आतलं क्षेत्र) आणि बिल्टअप (भिंती धरून) यांची सरमिसळ करू नका, तिथे हमखास फसगत होते. आणि कागदावर न आलेला पैसा इंडेक्स टूतही नसतो, एजंट कितीही शपथा घेवोत.

कराच्या बिलावरून किंमत काढायच्या फंदात पडू नका. मुंबईत २०१० पासून कर भांडवली मूल्यावर, म्हणजे मिळकतीच्या किमतीवर आहे, पुण्यात वार्षिक करपात्र मूल्यावर, म्हणजे अपेक्षित भाड्यावर. त्यात मुंबईत ५०० चौरस फुटांपर्यंतच्या राहत्या घरांना करमाफी. दोन शहरांतल्या बिलांची तुलना करून हाती काहीच लागत नाही.

बिलात बघायची ती थकबाकी. तिचा पहिला बोजा मिळकतीवर असतो, म्हणजे आधीच्या मालकाने बुडवलेला कर तुमच्या दारात येतो. बिलावर नाव आहे म्हणून तो माणूस मालक ठरत नाही, हेही ध्यानात असू द्या. टोकन देण्याआधी शेवटची पावती मागा आणि मिळकत क्रमांक टाकून पालिकेच्या साइटवर स्वतः ताडून बघा.