शिवसागर जलाशयावरील लाँचमध्ये दोन इन्व्हर्टर समांतर जोडणीत: हंगामभराच्या वापरानंतर

कोयना धरणाच्या शिवसागर जलाशयात, बामणोली परिसरात चालणाऱ्या आमच्या पोलादी लाँचवर २४ व्होल्ट, ४०० अँपिअर-तास क्षमतेच्या लिथियम बॅटरीवर ३००० व्हीए (व्होल्ट-अँपिअर) क्षमतेचे दोन इन्व्हर्टर समांतर जोडून आता पूर्ण हंगाम आणि एक पावसाळा झाला आहे. इंडक्शन शेगडी चालू असताना पाण्याचा पंप सुरू झाला, की मोटर क्षणभर नेहमीच्या कित्येक पट करंट ओढते आणि पूर्वीचा एकटा इन्व्हर्टर तेव्हा ट्रिप होत असे. जोडी बसवल्यापासून तो प्रश्न पूर्णपणे मिटला आहे.

मात्र बाजारातून आणलेले कोणतेही दोन इन्व्हर्टर अशा रीतीने जोडता येत नाहीत. दोघांच्या एसी (घरगुती प्रकारच्या) विजेच्या लहरी क्षणाक्षणाला जुळाव्या लागतात, अन्यथा एकाचा करंट दुसऱ्यात शिरून यंत्र जळू शकते. म्हणून समांतर जोडणीची सोय असलेले, एकाच मॉडेलचे आणि एकाच सॉफ्टवेअर आवृत्तीचे नग घ्यावेत. त्यांच्यात संदेशवहनाची केबल असते आणि एक नग मास्टर म्हणून दुसऱ्याला चालवतो.

खरे कौशल्य केबल ओढण्यात आहे. पूर्ण भारावर आमची जोडी बॅटरीतून दोनशे अँपिअरहून अधिक करंट ओढते. त्यामुळे बसबारपासून (तारा एकत्र जोडायच्या धातूच्या पट्टीपासून) प्रत्येक इन्व्हर्टरपर्यंतच्या डीसी, म्हणजे बॅटरीकडच्या, केबल जाड, आखूड आणि तंतोतंत एकाच लांबीच्या असाव्यात, मग एक नग बॅटरीशेजारी असला तरी त्याची केबल तोडून छोटी करू नये. प्रत्येकाला स्वतंत्र फ्यूज हवा, आणि लिथियम बॅटरीचा शॉर्टसर्किट करंट प्रचंड असल्याने तो करंट तोडण्याची क्षमता असलेलाच फ्यूज हवा. एसी बाजूचा नियम अनेक वायरमनना उलटा वाटतो: तिथेही लांबी समान हवी, पण केबल गरजेपेक्षा जाड नको, कारण तारेचा थोडासा रोधच भार दोघांत सारखा वाटून देतो. आमच्याकडे क्लॅम्प मीटर (तारेभोवती अडकवून करंट मोजणारे मीटर) लावून पाहिले असता दोन्हींचे आकडे जवळजवळ सारखे येतात, आणि दर काही आठवड्यांनी लगचे (केबलच्या टोकाच्या धातूच्या कड्यांचे) बोल्ट तपासताना मी तेच मोजमाप पुन्हा घेतो.

धक्क्यावर चार्जिंग करताना दोन्ही इन्व्हर्टरमधले चार्जर एकदम चालतात आणि मिळून चार किलोवॉटच्या आसपास वीज मागतात. गावाकडच्या सिंगल फेजवर संध्याकाळी व्होल्टेज आधीच पडलेले असते, त्यामुळे इनपुट करंटची मर्यादा सेटिंगमध्ये कमी करून ठेवणे मला अत्यावश्यक वाटते. पोलादी सांगाड्याला अर्थिंग जोडलेले आणि आरसीसीबी (करंटची गळती होताच वीज तोडणारा स्विच) बसवलेला असावा, यात तर कोणतीही सवलत नको.

दोन इन्व्हर्टर म्हणजे एक बिघडला तरी दुसरा चालू राहील, हा समज अनेक लाँचमालकांकडून ऐकला आहे. आमच्या जोडीत संदेशाची केबल निघाली किंवा एक नग दोष दाखवू लागला, तर दोन्ही थांबतात. उरलेल्याला एकट्याने चालवायचे असेल, तर लॅपटॉप जोडून सेटिंग बदलावे लागते, म्हणून ती इंटरफेस केबल आणि सेटिंगची प्रत आम्ही लाँचवरच कोरड्या डब्यात ठेवतो.

दुसरा तोटा रिकाम्या खर्चाचा आहे. प्रत्येक नग काहीही भार नसताना सुमारे २० वॉट खातो. दोघांचे मिळून चोवीस तासांत जवळपास एक युनिट, म्हणजे आमच्या बॅटरीचा दहावा हिस्सा जातो. त्यामुळे मुक्कामाच्या रात्री शेगडीचे काम आटोपले की जोडी बंद करतो आणि दिवे व फ्रीज थेट २४ व्होल्टवर चालवतो. नव्याने घेणाऱ्याने फ्रीज निवडतानाच तो डीसीवर चालणारा निवडावा.