४५० रुपयांची मॅक्रो लेन्स, फक्त अनुस्वारांसाठी

मोबाईलला चिमट्याने लावायची मॅक्रो लेन्स (अगदी जवळून बारीक गोष्टी मोठ्या दाखवणारी) घेऊन तीन महिने झाले, आता लिहायला हरकत नाही. आधीच सांगते, मी फुलं, किडे, पाण्याचे थेंब वगैरे काढत नाही. मी जुन्या पुस्तकांचे फोटो काढते, म्हणजे पानांचे पण नाही, अक्षरांचे, आणि सध्या तर नुसत्या अनुस्वारांचे. हसा खुशाल.

झालं काय, हुतात्मा चौकाजवळच्या फुटपाथवरून शिवणकामाचं एक जुनं मराठी पुस्तक उचललं. किंमत छापलीय रु. १-८-०, म्हणजे दीड रुपया, १९५७ ला नवे पैसे आले त्याच्या आधीचा हिशोब. आत सगळीकडे 'नाहीं', 'करावें', 'कापडें'. हे उच्चार नसलेले अनुस्वार १९६२ च्या शुद्धलेखनाच्या नियमांनी काढून टाकले, आम्ही शाळेत शिकलोच नाही, त्यामुळे मला ती टिंबं पाहुण्यासारखी वाटतात.

तर त्यातल्या एका 'नाहीं'वर लेन्स धरली आणि बघतच राहिले. टिंब मधे फिकट आणि कडेला शाईचं दाट कडं! खिळा, म्हणजे छपाईचं धातूचं अक्षर, कागदावर दाबला की शाई कडेला सरकते ना, त्याचं ते. चारच्या सुमाराला आमच्या गॅलरीत ऊन तिरकं येतं, तेव्हा कागदात बसलेला बारीक खड्डा पण दिसतो, आजच्या ऑफसेटवाल्या, म्हणजे खिळे न दाबता छापलेल्या पुस्तकात हे शोधून सापडणार नाही. एकदा अनुस्वार म्हणून दहा फोटो काढले तो कागदावरचा तपकिरी डाग निघाला. तोही ठेवलाय.

आता तक्रारी. मधलाच भाग शार्प येतो, कडेला सगळं पुसट, काळ्या अक्षरांना जांभळी किनार येते. दोन-तीन सेंटिमीटरवर धरावी लागते, मग फोनचीच सावली पडते. माझा फोन तर जवळ नेला की आपणहून दुसऱ्याच कॅमेऱ्यावर उडी मारायचा, दोन दिवस मी लेन्सला शिव्या घातल्या, शेवटी सेटिंगमधे ऑटो मॅक्रो बंद केल्यावर सुधारला. चिमट्याचं रबर दुसऱ्याच आठवड्यात निघालं, स्टॉलवाला म्हणे "मॅडम, याला गॅरंटी नसते". आता सायकलच्या ट्यूबचा तुकडा लावलाय, मस्त बसतो.

आणि फोटोसाठी पुस्तक उताणं दाबू नका हो, सुकलेली बांधणी कडकन तुटते. मी दोन्ही बाजूंना तांदळाच्या पिशव्या लावून अर्धवटच उघडते. पावसाळ्यात लेन्स सिलिका जेलच्या पुडीसोबत डबीत ठेवा, आपल्याकडच्या हवेत काचेला पण बुरशी धरते.

पाचपैकी साडेतीन. अख्खं पान वाचता येईल असा फोटो हवा असेल तर घेऊ नका, त्याला फोनचा साधा कॅमेराच बरा.