बोंडअळीचं पोस्टर: फोटो टाकावा की आकृती काढावी?

केंद्रीय कापूस संशोधन संस्था १९७६ पासून नागपुरात आहे. त्यामुळे इथे कापसावर काम करणारी पोरं भरपूर, आणि पोस्टर करायची वेळ आली की सगळ्यांचा प्रश्न एकच: मधल्या मोठ्या जागेत फोटो की आकृती?

गुलाबी बोंडअळीचंच घ्या. बारीक अळी बोंडात शिरते आणि शिरल्याचं छिद्र बुजून जातं. बाहेरून बोंड हिरवंगार, धडधाकट. त्याचा कितीही देखणा फोटो काढा, नुकसान दिसणार नाही. तेच बोंड ब्लेडने उभं चिरा: डागाळलेली रुई, पोखरलेली सरकी आणि सेंटीमीटरभर गुलाबी अळी. हा फोटो शेतकऱ्यासमोर धरला की बोलावं लागत नाही. आकृती पाहून ‘खरंच असं असते का?’ ही शंका उरते. डोमकळीचंही तसंच. अळीने जाळ्याने पाकळ्या बांधलेलं ते अर्धवट उमललेलं फूल एकदा फोटोत पाहिलं की शेतात लगेच ओळखू येतं.

पण अळी कुठून शिरली, कोष कधी झाला, पतंग कधी निघाला, हे फोटोच्या आवाक्यातलं नाही. चार फोटो जोडले तर चौघांचा उजेड वेगळा, माप वेगळं. तिथे सरळ आकृती काढा.

मेहनत दोन्हीकडे आहे. आपल्याकडच्या दुपारच्या उन्हात पांढरी रुई फोटोत नुसता पांढरा डाग होते. बोंड कडुनिंबाखाली न्या, सावलीच्या बाजूला थर्माकोलचा तुकडा धरा, शेजारी मिलिमीटरची पट्टी ठेवा. नाणं नको, ते चकाकतं, आणि बाहेरच्या परीक्षकाला दहाचं नाणं केवढं असतं ते काय ठाऊक! पान किंवा पाकळी असेल तर कॅमेराही नको, ऑफिसातल्या फ्लॅटबेड स्कॅनरवर ठेवा. उजेड सारखा पडतो आणि माप आपोआप मिळतं. उजळपणा वाढवायचा तर सगळ्या फोटोचा, फक्त अळीचा नाही. मूळ फाइल जपून ठेवा.

१२ मेगापिक्सेलचा, म्हणजे ४००० बाय ३००० पिक्सेलचा फोटो ३०० डीपीआयने (म्हणजे इंचाला ३०० ठिपके) छापला तर साधारण ३४ बाय २५ सेंटीमीटर होतो. मी एकदा व्हॉट्सअ‍ॅपवर आलेला फोटो ए-झिरो, म्हणजे जवळपास मीटरभर उंच फ्लेक्सवर ताणला होता. अळीच्या जागी गुलाबी चौकोन छापून आले. फोटो डॉक्युमेंट म्हणून मागवायचा, हे तेव्हा कळलं. इंकस्केप या चित्र काढायच्या सॉफ्टवेअरमध्ये काढलेली आकृती मात्र कितीही मोठी करा, फाटत नाही, आणि ते फुकट मिळतं.

कामगंध सापळ्यातले (मादीच्या वासाने नर पतंग पकडणाऱ्या सापळ्यातले) आकडे असतील तर दोन्ही नको, आलेख करा. सलग तीन रात्री, दर रात्री एका सापळ्यामागे ८ पतंग ही धोक्याची पातळी. तिथे आडवी रेघ मारा आणि नाव रेघेवरच लिहा. लाल-हिरवी जोडी टाळा, काहींना तो फरक दिसत नाही. निळा-नारिंगी चालेल.

माझ्या मते शेतकरी मेळाव्याला फोटो, परिषदेला आकृती आणि कोपऱ्यात लहानसा फोटो. हात चित्रकलेचा नसेल तर फोटोवरच वेगळ्या थरात रेघा ओढा आणि मग खालचा फोटो काढून टाका.

बोंडं मात्र दहा-बारा तोडून आणा. पहिल्या तीन-चारांत अळी निघत नाही, आणि ज्यात निघते ते नेमकं अळीसकट चिरलं जातं.