बोटांचा फंक की कात्रीचा हिप-हॉप: पहिला अल्बम कोणता घ्यावा?

दुसऱ्यांच्या गाण्यांमागे वर्षानुवर्षे राबलेला प्रोड्युसर जेव्हा स्वतःच्या नावावर पहिला अल्बम काढतो, तेव्हा तो नवख्या कलाकाराच्या पदार्पणासारखा ऐकून चालत नाही. नवख्याला आपण कोण आहोत हे पटवून द्यायचे असते. इथे कसब आधीच सिद्ध झालेले असते आणि प्रश्न एवढाच उरतो, की गायक किंवा रॅपर बाजूला झाल्यावर मागे राहिलेले संगीत स्वतःच्या पायावर उभे राहते का. इलेक्ट्रॉनिक फंक (यांत्रिक ठेका आणि जाड बेस यांवर उभे असलेले नाचाचे संगीत) आणि शब्दविरहित हिप-हॉप (जुन्या तबकड्यांचे तुकडे कापून जोडलेले, रॅपविना संगीत) हे शेजारशेजारचे प्रांत आहेत. त्यांत नव्याने शिरू पाहणाऱ्यासाठी इथे दोन अल्बम समोरासमोर ठेवले आहेत: डेम-फंकचा ‘टू ईच हिज ओन’ (२००९) आणि जे डिला या हिप-हॉप प्रोड्युसरचा ‘डोनट्स’ (२००६). दोन्ही लॉस एंजेलिसच्या स्टोन्स थ्रो या एकाच कंपनीने काढले, दोन्ही अनुभवी हातांतून उतरले आणि तरीही ऐकणाऱ्याकडून दोघांच्या अपेक्षा जवळजवळ उलट्या आहेत.

आधी एक खुलासा करायला हवा. काटेकोरपणे पाहिले तर यांतला पदार्पणाचा अल्बम एकच, तो म्हणजे डेम-फंकचा. डेमन रिडिक या नावाने लॉस एंजेलिसजवळच्या पॅसाडिना येथे १९७१ मध्ये जन्मलेला हा वादक नव्वदच्या दशकात अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या रॅपरांच्या रेकॉर्डिंगमध्ये कीबोर्ड वाजवत असे. पुढे २००६ पासून त्याने कल्व्हर सिटीत ‘फंकमॉस्फिअर’ नावाची सोमवारची रात्र चालवली, जिथे ऐंशीच्या दशकातल्या विस्मृतीत गेलेल्या फंक आणि बूगी (फंकचाच नाचाला सोपा भाऊबंद) तबकड्या वाजत. पहिला पूर्ण अल्बम आला तेव्हा त्याने अडतिशी गाठली होती. डिलाचे स्वतःच्या नावाचे पदार्पण मात्र २००१ मधल्या ‘वेलकम टू डेट्रॉइट’ने झाले, आणि त्याच्याही आधी अ ट्राइब कॉल्ड क्वेस्ट, द फारसाइड अशा नामांकित रॅप चमूंसाठी त्याने काम केलेले होते. मग ‘डोनट्स’ इथे का? कारण शब्दविरहित हिप-हॉपकडे वळणाऱ्या माणसाला सर्वांत आधी तोच सुचवला जातो, आणि निवड करायची तर ती त्याच्याशीच ताडून करावी लागते.

या दोन प्रांतांचे नाते समजून घेण्यासाठी यंत्रांकडे वळणे भाग आहे. रॉजर लिन या अमेरिकी अभियंत्याने १९८० मध्ये एलएम-१ हे ड्रम मशिन बाजारात आणले. खऱ्या ड्रमच्या आघातांचे डिजिटल ध्वनिमुद्रण त्यात भरलेले होते, आणि ऐंशीच्या दशकातल्या इलेक्ट्रॉनिक फंकचा कोरडा, टणक ठेका अशाच यंत्रांतून आला. त्याच लिनने पुढे आकाई कंपनीसाठी एमपीसी-६० हे सॅम्पलर, म्हणजे ध्वनीचे तुकडे साठवून वाजवणारे यंत्र, घडवले, जे १९८८ मध्ये आले. सोळा रबरी चौकटी, बोटांनी वाजवण्याजोग्या, आणि मूळ यंत्रात जेमतेम तेरा सेकंदांचे ध्वनिमुद्रण साठवण्याची सोय. तेरा सेकंद ही मर्यादा वरकरणी अडचणीची वाटते, परंतु जुन्या तबकडीतून नेमका कोणता तुकडा उचलायचा याची शिस्त हिप-हॉपला अशा तुटपुंज्या जागेनेच लावली. त्याच मालिकेतले डिलाचे एमपीसी-३००० आज वॉशिंग्टनच्या आफ्रिकन-अमेरिकन इतिहास व संस्कृती संग्रहालयात जतन केलेले आहे. म्हणजे ज्या दोन संगीतांची आपण तुलना करतो आहोत, त्यांच्या ठेक्याच्या यंत्रांचा जनक एकच आहे. फरक पडतो तो ठेक्यावर काय रचायचे इथे: फंकवाला त्यावर स्वतः सिंथ (सिंथेसायझर) वाजवतो, तर हिप-हॉपवाला आधीच कोणीतरी वाजवलेले कापून आणतो.

‘टू ईच हिज ओन’ ऐकताना हे वाजवलेपण प्रथम जाणवते. बेस, म्हणजे तळाचे खर्ज स्वर, गिटारीवर नसून सिंथवर आहे. १९७७-७८ च्या सुमारास बर्नी वॉरेलने पार्लमेंट या बँडच्या ‘फ्लॅश लाइट’मध्ये मूग सिंथवर जो जाडजूड, सरपटणारा बेस वाजवला, त्याच कुळातला हा बेस आहे. त्यावर रुंद, किंचित धुरकट स्वरसंगती पसरते आणि मग एखादी एकल सिंथची ओळ येते, जी प्रत्येक आवर्तनात थोडी वेगळी वाकते. संगणकावर नीटनेटकी बसवलेली रचना आणि हे यांतला फरक कळायचा असेल, तर बेस सोडून फक्त या वरच्या ओळीकडे लक्ष द्यावे: एखादा स्वर मात्रेच्या अंगावर रेलतो, दुसरा अंमळ उशिरा पोहोचतो, आणि तो उशीर पुन्हा तसाच येत नाही. काही रचनांची नावेच सांगतात की हे संगीत कुठल्या रस्त्यांवर वाढले. ‘टेन वेस्ट’ हे लॉस एंजेलिसमधून पश्चिमेकडे जाणाऱ्या महामार्गाचे नाव आहे आणि ‘ब्रुकसाइड पार्क’ ही पॅसाडिनातली बाग. संग्रह पूर्णपणे शब्दविरहित नाही. ‘मिरर्स’ किंवा ‘हूड पास इन्टॅक्ट’मध्ये डेम-फंक स्वतः गातो, पण त्याचा आवाज सिंथच्या थरांत असा मिसळतो की तो आणखी एक वाद्यच वाटावा. गायक म्हणून तो सामान्य आहे, हेही सांगून टाकलेले बरे.

‘डोनट्स’मध्ये एकतीस तुकडे आहेत आणि सगळे मिळून सुमारे त्रेचाळीस मिनिटांत संपतात, बहुतेक दोन मिनिटांच्या आतले. पहिल्या तुकड्याचे नाव ‘आउट्रो’ आणि शेवटच्याचे ‘इंट्रो’ आहे. शेवट थेट सुरुवातीला जाऊन मिळतो, त्यामुळे हा अल्बम खरोखरच गोल फिरतो. कात्रीचे काम पाहायचे असेल तर ‘डोन्ट क्राय’ हा एकच तुकडा पुरेसा आहे. सुरुवातीला द एस्कॉर्ट्स या सोल गायनचमूचे जुने गाणे जवळपास जसेच्या तसे वाजते, जणू डिला ऐकणाऱ्याला सांगतो आहे की कच्चा माल नीट पाहून घ्या. मग तो तेच गाणे अक्षराअक्षराने फोडतो, अर्धवट शब्द आणि श्वास उलटसुलट जोडतो, आणि त्या चिंध्यांतून मूळ गाण्याहून अधिक व्याकूळ असे काही उभे राहते. जादूगाराने आधी रिकामी टोपी दाखवावी, तसा हा प्रकार आहे. ‘लाइटवर्क्स’मध्ये तर तो रेमंड स्कॉट या इलेक्ट्रॉनिक संगीताच्या आद्य प्रयोगकर्त्याच्या जाहिरातींसाठी बनवलेल्या ध्वनींवर ठेका चढवतो, आणि इलेक्ट्रॉनिक व हिप-हॉप यांतली भिंत तेवढ्या वेळापुरती नाहीशी होते.

हा अल्बम डिलाच्या बत्तिसाव्या वाढदिवशी, ७ फेब्रुवारी २००६ रोजी आला आणि त्यानंतर तीनच दिवसांनी दीर्घ आजाराने त्याचे निधन झाले. त्यामुळे त्याच्याभोवती एक करुण वलय तयार झाले आहे. माझ्या मते प्रथम ऐकताना ते बाजूला ठेवावे, कारण या संगीतातला खट्याळपणा, मध्येच वाजणारा भोंगा आणि ऐन रंगात येताच तोडलेले तुकडे शोकाच्या चष्म्यातून दिसतच नाहीत.

आता उणिवांकडे वळू. डेम-फंकचा अल्बम फार लांब आहे, दोन तासांहून अधिक. वर्षानुवर्षे साठलेले सगळे एकदम मांडायचे, ही उशिरा पदार्पण करणाऱ्याची नेहमीची खोड इथेही दिसते, आणि किमान चार-पाच रचना अशा आहेत की त्या वगळल्या असत्या तरी काही अडले नसते. तरीही ही लांबी निव्वळ दोष म्हणून निकालात काढता येत नाही. या फंकमध्ये एकच आवर्तन सहा-सात मिनिटे फिरत राहते, बदल अगदी हळू होतात, आणि त्या संथपणाला कान सरावले की छोट्या रचना उलट तोकड्या वाटू लागतात. ‘डोनट्स’ची अडचण नेमकी उलट आहे. एखादी चाल मनात रुजण्याआधीच पुढची सुरू होते आणि पहिल्यांदा ऐकणाऱ्याला आपण कोणाच्या तरी रेडिओचे बटण फिरताना ऐकतो आहोत असे वाटू शकते. त्याची गोडी दुसऱ्या-तिसऱ्या वेळी लागते. ज्याला एवढा धीर नाही त्याची निराशा होण्याचा संभव आहे.

म्हणून माझा कौल असा. ज्यांचा कान मुख्यतः चाल, स्वरसंगती आणि वाद्य यांवर पोसलेला आहे, किंवा ज्यांना काम करताना, लांब प्रवासात संगीत सोबतीला हवे आहे, त्यांनी ‘टू ईच हिज ओन’ घ्यावा. परंतु तो एका बैठकीत ऐकण्याचा हट्ट धरू नये. मुळात तो पाच भागांत निघाला होता (लॅट्रिक, फ्लाय, लाइफ, हूड आणि स्काय) आणि भागाभागाने ऐकला तर लांबीची तक्रार बरीचशी मिटते. ज्यांना जुन्या सोल आणि रॉक संगीताची थोडीफार ओळख आहे, किंवा जे स्वतः सॅम्पलरवर हात चालवू पाहतात, त्यांनी नि:शंकपणे ‘डोनट्स’ घ्यावा. अक्षराच्या मधोमध कापलेला आवाज ठेक्यावर कसा बसतो, हे त्रेचाळीस मिनिटांत यापेक्षा स्पष्टपणे शिकवणारे दुसरे काही मला ठाऊक नाही.

दोन्हींच्या मधले काही हवे असेल तर पीट रॉकचा ‘पीटस्ट्रुमेंटल्स’ (२००१) पाहावा. तोही बुजुर्गाचा शब्दविरहित अल्बम आहे, सरळ आणि उबदार. मात्र त्यात धोका पत्करलेला दिसत नाही. डिलाचा ‘वेलकम टू डेट्रॉइट’ हा मात्र अनेकांच्या नजरेतून सुटतो. त्यात रॅपही आहे, जॅझ वादक डॉनल्ड बर्डच्या जुन्या रचनेची नवी मांडणीही आहे आणि क्राफ्टवर्क या जर्मन इलेक्ट्रॉनिक बँडला उघडउघड केलेला सलामही आहे. ज्याला फंक आणि हिप-हॉप यांतून एकच निवडणे जड जाते, त्याची सोय तिथे होते.

विकत घ्यायचे तर स्वरूपाचाही विचार करावा. ‘डोनट्स’ दोन तबकड्यांवर मिळतो, परंतु चार बाजू म्हणजे उठून बाजू पालटण्यासाठी तीन खंड, आणि २०१३ मध्ये निघालेल्या सात इंची तबकड्यांच्या संचात तर हे खंड आणखी वाढतात. संग्राहकाला तो संच मोहवेल. गोल फिरणारा अल्बम ऐकू इच्छिणाऱ्याने मात्र सीडी किंवा डिजिटल प्रत घ्यावी, शफल (क्रम बदलणे) आणि क्रॉसफेड (एक तुकडा दुसऱ्यात विरघळवणे) दोन्ही बंद ठेवावे आणि अल्बम रिपीटवर लावावा. डेम-फंकच्या बाबतीत तबकड्याच सोयीच्या ठरतात, कारण पाच तबकड्यांचा संच भागाभागाने थांबणे आपोआप भाग पाडतो. दोन्ही अल्बम मोबाइलच्या अंगच्या स्पीकरवर ऐकून निर्णय घेऊ नये, कारण तिथे खालचा बेस जवळजवळ पोहोचतच नाही, आणि डेम-फंकच्या संगीतातून बेस वजा केला तर हातात नुसता झंकार उरतो.