सिमेंट खरं, सळई खरी, डिग्री खोटी

२०१९ मध्ये बारावी सायन्स झालो. सीईटीत मार्क बेताचेच, प्रवेशाच्या कॅप राउंडला सिव्हिल लागलं नाही. उदगीरला घरी बसलो होतो तेव्हा पुण्याहून एका ‘अॅडमिशन काउन्सेलर’चा फोन आला. बी.एस्सी. कन्स्ट्रक्शन मॅनेजमेंट, तीन वर्षं, परराज्यातलं खाजगी विद्यापीठ, पण वर्ग पुण्यातच. ‘सिव्हिल इंजिनिअरच्या बरोबरीची डिग्री, जेईचा, म्हणजे सरकारी कनिष्ठ अभियंत्याचा, फॉर्मही भरता येतो.’ वर्षाला सत्तर हजार. बाबांनी सोयाबीनचे पैसे दिले, उरलेल्यासाठी आईच्या पाटल्या बँकेत ठेवल्या.

सेंटर म्हणजे एका हार्डवेअरच्या दुकानावरचे दोन हॉल. पहिल्याच दिवशी टीसी आणि बारावीचं मूळ गुणपत्रक ‘व्हेरिफिकेशनसाठी’ ठेवून घेतलं. मूळ कागद संस्थेनं अडकवून ठेवायचे नाहीत, असं यूजीसीनं ऑक्टोबर २०१८ मध्येच बजावलं होतं. हे मला आत्ता माहीत आहे.

लोक विचारतात, तीन वर्षं संशय कसा आला नाही? कारण शिकवलेलं खरं होतं. मास्तर एका बिल्डरकडचे निवृत्त साइट इंजिनिअर होते, माणूस चांगला. (त्यांचाही पाच महिन्यांचा पगार थकला, हे नंतर कळलं.) बार बेंडिंग शेड्यूल (सळया कापण्या-वाकवण्याचा तक्ता), सीपीएम-पर्टची जाळी (कुठलं काम कधी, याचा आराखडा), डीएसआर म्हणजे सरकारी दरसूचीवरून एस्टिमेट, सगळं त्यांनी घोटून घेतलं. सळईच्या व्यासाचा वर्ग भागिले १६२ म्हणजे मीटरला किती किलो. बारा एमएमला ०.८८९. झोपेत विचारा. मोशीच्या साइटवर ‘इंटर्नशिप’ला पाठवलं, तिथं काँक्रीटची ताकद तपासायचे दीडशे एमएमचे क्यूब भरले, सातव्या आणि अठ्ठाविसाव्या दिवशी फोडायला नेले. ठेकेदार आमच्या नावानं दरमहा पैसे सेंटरला देत होता, आम्हाला फक्त दुपारचा डबा. फी आम्हीच भरायची आणि मजुरीही आमचीच!

त्यात कोविड आला. परीक्षा ऑनलाइन, कुठली तरी लिंक यायची, पर्यायांवर टिचक्या मारायच्या, झालं. सगळ्या देशातच तसं चाललं होतं, तर आम्ही कशाला शंका काढू?

२०२२ मध्ये हिंजवडीतल्या एका पीएमसी (बांधकामाचं व्यवस्थापन बघणाऱ्या सल्लागार) कंपनीनं मला निवडलं. क्वांटिटी काढून दाखवायला सांगितल्या, दाखवल्या, साहेब खूश. पंधरा दिवसांनी एचआरच्या बाईंचा फोन: ‘तुमच्या पीआरएनवर, म्हणजे नोंदणी क्रमांकावर, विद्यापीठात बी.ए.चा दुसराच विद्यार्थी आहे.’ मी विद्यापीठाला मेल केला. उत्तर दोन ओळींचं. असा अभ्यासक्रम आमच्याकडे नाही, महाराष्ट्रात आमचं केंद्र नाही.

आणि ते असूच शकत नव्हतं. खाजगी विद्यापीठाला आपल्या राज्याबाहेर असं अभ्यासकेंद्र थाटता येत नाही. विद्यापीठ यूजीसीच्या यादीत आहे एवढं मी पाहिलं होतं. होतंच ते यादीत! बोगस विद्यापीठांची यादी यूजीसी वेगळी काढते, तीही चाळली होती. पण चोर विद्यापीठात नव्हताच, दुकानावरच्या हॉलमध्ये होता. फोन त्यांनी दिलेल्या नंबरवर न करता थेट कुलसचिवांच्या कार्यालयात एकदा केला असता, तर सत्तर हजारांत सुटलो असतो. नव्हे, तेही गेले नसते.

बरोबरीच्या डिग्रीची गोष्टही थाप. जेईच्या जाहिरातीत स्थापत्य अभियांत्रिकी हे शब्द असतात, त्या जागी कन्स्ट्रक्शन मॅनेजमेंट आपोआप बसत नाही. हा विषय आपल्याकडे बहुतेक ठिकाणी सिव्हिलनंतर, एम.टेक.ला वगैरे शिकवतात; बारावीनंतरचे खरे कोर्स आहेत, पण मोजके. काउन्सेलरला ‘हे लेटरहेडवर लिहून द्या’ म्हणायचं माझ्या डोक्यात आलं नाही. ज्यांना कुणाला असा फोन येईल त्यांनी तेवढं म्हणून बघा, पुढचा फोन येतो का ते.

पावत्या काढून बसलो तेव्हा पोटात खड्डा पडला. एकाही पावतीवर विद्यापीठाचं नाव नाही, कसल्याशा ‘एज्युकेशनल सर्व्हिसेस’चा शिक्का. निम्मी रक्कम रोखीनं, तिची पावतीच नाही. पोलिसांनी पहिलं हेच विचारलं. आम्ही अकरा जण तक्रारीला गेलो होतो. दोघांना सेंटरनं गुपचूप पैसे परत केले, ते मागे सरले. त्यांचा राग येत नाही, एकाच्या बहिणीचं लग्न होतं. गुन्हा ४२० खाली नोंदला गेला. हॉलला तोवर कुलूप, आणि आमचे कागद आत की बाहेर, कुणालाच ठाऊक नाही.

२०२३ ला डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षाला अर्ज केला, बारावी सायन्सवर तो मार्ग असतो. शाळेत हेलपाटे घालून टीसीची दुय्यम प्रत काढली, लातूर बोर्डातून गुणपत्रकाची. मधल्या वर्षांसाठी गॅपचं प्रतिज्ञापत्र. त्यात ‘या काळात शिक्षण घेतले नाही’ असा छापील मजकूर असतो. सही करताना हात अडला. खिडकीवरच्या बाईंनी प्रतींवरचा लाल शिक्का पाहिला, मान वर केली आणि विचारलं, ‘ओरिजिनल कुठंय?’