आवक शिक्का म्हणजे परवानगी नव्हे

मुंबईत फ्लॅटचं बाथरूम नव्याने करायला काढलं की कोटेशनमध्ये टाइल्स, सीपीव्हीसी पाइप, वॉटरप्रूफिंग यांच्या खाली एक ओळ दिसते: ‘वॉर्ड ऑफिस परमिशन – ३५,०००’. पैसे रोख. पावती मागितली तर उत्तर ठरलेलं, “साहेब, तिकडे पावती चालत नाही.”

मुळात अशा बहुतेक कामांना पालिकेची परवानगी लागतच नाही. मुंबई महानगरपालिका अधिनियम, १८८८ मधलं कलम ३४२ वाचा. फरशी, गिलावा, रंग, संडास-न्हाणीची दुरुस्ती, नळ आणि ड्रेनेजचे पाइप बदलणं हे सगळं ‘टेनंटेबल रिपेअर्स’मध्ये, म्हणजे परवानगीतून सूट असलेल्या किरकोळ दुरुस्त्यांमध्ये मोडतं. सोसायटीची लेखी मंजुरी मात्र घ्यायची.

खरा फटका पुढेच बसतो. तोडफोड सुरू झाली की कॉन्ट्रॅक्टर सुचवतो, “ही भिंत काढू, कमोड पलीकडे नेऊ, वर माळा टाकू.” भारवाहक भिंत, लांबी-रुंदी-उंचीतला बदल, नवा माळा यातलं काहीही आलं की ३४२ ची सवलत संपली. कमोडचं तर विचारूच नका: ११० मिमीच्या पाइपला उतार हवा, त्यामुळे संकन स्लॅबच्या (पाइप बसावेत म्हणून बाथरूमखाली खोलगट ठेवलेल्या स्लॅबच्या) बाहेर गेलात की फरशी वीतभर उचलून खाली भर घालावी लागते. स्लॅबवर वजन वाढतं आणि खालच्यांच्या स्वयंपाकघरावर तुमचा संडास येतो.

कागद मागितला की व्हॉट्सॲपवर फोटो येतो. गोल शिक्का, तारीख, वेडीवाकडी सही. शिक्क्यातला शब्द मोठा करून वाचा: ‘आवक’. म्हणजे पत्र खिडकीवर पोचलं, एवढंच. मंजुरीच्या पत्रावर जावक क्रमांक, अधिकाऱ्याचं पद, मालकाचं नाव, फ्लॅट नंबर आणि अटी असतात. कॉन्ट्रॅक्टरने पाठवलेल्या पत्रात बहुधा ‘किरकोळ दुरुस्ती’ एवढंच लिहिलेलं असतं, भिंतीचं नावही नसतं. शेजाऱ्याने तक्रार केली की कलम ३५४अ ची काम थांबवण्याची नोटीस तुमच्या दारावर लागते. तोवर कॉन्ट्रॅक्टरचा फोन बंद.

म्हणून भिंतीला हात लावायचा असेल तर आधी परवानाधारक स्ट्रक्चरल इंजिनिअरचं लेखी मत घ्या, अर्ज स्वतःच्या नावाने करा, शुल्क स्वतः भरून पावती जपा. फसलाच असाल तर जिल्हा ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत जाता येतं. कामाचे दिलेले पैसे ५ लाखांपर्यंत असतील तर तक्रारीला शुल्क नाही. अडचण एकच, रोख दिलेल्या ३५,००० चा पुरावा. तो नसेल तर निदान ते कोटेशन आणि व्हॉट्सॲपचे मेसेज डिलीट करू नका.